मेरय : गुळाचे मडके आणि आसवाची बाटली

पंचशील आपल्या घराघरांत तोंडपाठ आहे. पाचव्या शीलात सुरा, मेरय आणि मज्ज असे तीन शब्द लागोपाठ येतात. मराठीत अर्थ सांगताना आपण तिन्हींना मिळून एकच शब्द देतो, 'दारू', आणि पुढे सरकतो. शील पाळणाऱ्याचे त्यात काही अडत नाही. परंतु भाषा शिकवणे हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्याने एका अर्थाला तीन शब्द कशाला, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

विनयपिटकात भिक्खूंना मद्यपानास मनाई करणारा नियम आहे. त्या नियमाच्या विवेचनात या शब्दांची फोड केलेली आहे. सुरा म्हणजे धान्याची: पिठाची, पुव्यांची, भाताची, किण्व घातलेली आणि 'संभार' मिसळलेली. मेरय म्हणजे आसवांचा वर्ग: फुलांचे, फळांचे, मधाचे, गुळाचे आणि पुन्हा 'संभार' मिसळलेले. यातला संभार म्हणजे मसाला, वनस्पती, मुळ्या-साली यांचे मिश्रण. म्हणजे आज ज्याला कुणी मसाल्याची दारू म्हणेल, कुणी जडीबुटीची म्हणेल, तिचा पाचव्या शीलाच्या शब्दांतच स्पष्ट समावेश आहे. 'यात औषध आहे, ही दारू नव्हे' ही पळवाट अडीच हजार वर्षांपूर्वीही लोकांना ठाऊक असणार. त्याशिवाय इतकी बारीक यादी कोण करील?

हा नियम कशावरून झाला, तेही सांगण्याजोगे आहे. सागत नावाच्या थेराने एका उग्र नागाला नमवले. कोसंबीचे उपासक भारावून गेले आणि भिक्खूंना दुर्लभ असे काय द्यावे म्हणून विचारू लागले. काही वाह्यात भिक्खूंनी उत्तर दिले की कपोतिका नावाची निवळ दारू दुर्लभ असते. मग घरोघरी तीच तयार ठेवली गेली. सागत प्रत्येक दारात थोडीथोडी पीत गेला आणि नगराच्या वेशीत आडवा झाला. नागाला जिंकणारा आता पाण्यातल्या सापाला तरी जिंकू शकेल काय, असे बुद्धाने विचारले आणि नियम घातला. कथेत पाप, नरक, विटाळ यांचा पत्ता नाही. आहे तो प्रमाद. ज्याच्या अंगी सामर्थ्य होते त्याचे सामर्थ्य गेले, एवढेच.

'मेरय' हा पाली शब्द, संस्कृतात तो 'मैरेय' होतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मैरेयाची कृतीच दिली आहे. मेषशृंगीच्या सालीचा काढा, त्यात गूळ, वर पिंपळी आणि मिरी यांचा मसाला, किंवा त्रिफळा. याच प्रकरणात दारूचे उत्पादन आणि विक्री राजाच्या ताब्यात ठेवली आहे, मात्र कुटुंबवत्सल गृहस्थाला सणाकार्याला पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा आहे. मला यातले 'औषधासाठी' हे कलम फार महत्त्वाचे वाटते. घरातल्या मडक्याला कायद्यात शिरायला तेव्हाही हीच एक खिडकी होती. ती पुढे कुणासाठी उघडी राहिली आणि कुणासाठी बंद झाली, हे पाहण्यापूर्वी त्या मडक्यात घडते काय ते नीट समजून घेऊ. आपल्या चर्चांत एक तर नीतीचे प्रवचन असते किंवा रानातल्या मोहाचे काव्य असते. मडक्यात डोकावून कुणी पाहत नाही.

मी शनिशिंगणापूरच्या शिवारालगतच्या वस्तीतली. शिंगणापूरच्या घरांना दारे नाहीत, कडीकुलूप नाही, हे देशभर ठाऊक आहे. दार नसलेल्या घरात मडके लपत नाही, म्हणून आमच्या आजीच्या पिढीने ते नाल्याकाठी बाभळीत किंवा उकिरड्यात पुरले, असे मी चेष्टेने म्हणते. खरे कारण साधे आहे. उकिरडा कुजताना ऊब धरतो आणि किण्वाला ऊब लागते. काळा गूळ, पाणी, बाभळीची साल आणि नवसागराचा खडा, एवढा ऐवज. चारसहा दिवसांत मडके खदखदायला लागे, मग बुडबुडे थांबत. पोलिसांच्या पंचनाम्यात याला 'कच्चे रसायन' म्हणतात. ते भट्टीवर चढवून वाफ थंड केली की थेंब पडत. पहिल्या धारेचे तेज, नंतरचे पाणचट.

यातल्या प्रत्येक वस्तूला काम आहे. गुळातली साखर खाऊन किण्व, म्हणजे यीस्ट, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. किण्वाच्या वाढीला नत्र लागते, गुळात ते तोकडे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, त्यातून ते मिळते. बाभळीच्या सालीत टॅनिन भरपूर. तुरटपणामुळे नको ते जिवाणू दबतात आणि मडके आंबून व्हिनेगर होण्याचा धोका कमी होतो. आजीला नत्र, टॅनिन हे शब्द ठाऊक नव्हते. 'साल नाही टाकली तर नासतंय' एवढे ठाऊक होते आणि ते बरोबर होते.

आता वैद्याकडे जाऊ. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौऱ्याऐंशी आसवे सांगितली आहेत. धान्य, फळ, मूळ, सार, फूल, खोड, पान, साल आणि साखर अशी त्यांची नऊ उगमस्थाने. आसव-अरिष्ट करण्याची रीत अशी: औषधी वनस्पती पाण्यात भिजवायच्या किंवा त्यांचा काढा करायचा, त्यात गूळ किंवा मध घालायचा, धायटीची फुले टाकायची, सुंठ, मिरी, पिंपळी, दालचिनी, वेलची, नागकेशर यांची पूड टाकायची, भांड्याचे तोंड बंद करायचे आणि ते उबेत, धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरून ठेवायचे. धायटीच्या फुलांत टॅनिन असते आणि मधुरसाबरोबर रानटी किण्वही असते. म्हणजे बाभळीच्या सालीचे जे काम, तेच धायटीच्या फुलाचे. उकिरड्याचे जे काम, तेच धान्याच्या राशीचे. फरक दोन. वैद्य मसाला आणि मुळ्या अधिक घालतो आणि वाफ न धरता गाळून थांबतो. किण्व साधारण बारापंधरा टक्क्यांच्या पुढे स्वतःच्याच अल्कोहोलात मरते, म्हणून आसव त्याच्या पुढे जात नाही. भट्टी लावली की ही मर्यादा सुटते. हा फरक मोठा आहे, तो मी कमी लेखत नाही. परंतु उकिरड्यात पुरलेले मडके हे अज्ञान आणि धान्यात पुरलेले मडके हे शास्त्र, अशी जी वाटणी आपल्या पाठ्यपुस्तकांत झाली आहे, ती रसायनाने केलेली नाही.

दारूत वनस्पती उतरवण्याच्या वाटा तीनच. पहिली ही, आंबतानाच टाकण्याची. दुसरी भट्टीत टाकण्याची. तिथे फक्त उडून जाणारी सुगंधी तेले वाफेबरोबर पलीकडे जातात. रंग, कडूपणा, तुरटपणा मागेच राहतो. तिसरी वाट तयार दारूत भिजत घालण्याची. गोव्यात काजूच्या फेणीत अनंतमुळाच्या जातीची मुळी भिजवून 'दुकशिरी' करतात, ती या तिसऱ्या वाटेची. शहरात हल्ली सुशिक्षित तरुण मंडळी रमच्या किंवा वोडकाच्या बाटलीत दालचिनी, लवंग, संत्र्याची साल, वेलची घालून आठदहा दिवस ठेवतात आणि पाहुण्यांना कौतुकाने देतात, तीही हीच.

भिजवण्याचे तत्त्व असे. पाणी काही द्रव्ये ओढते, अल्कोहोल दुसरी काही ओढते. दोन्हींचे निम्मेनिम्मे मिश्रण बहुतेक सगळीच ओढते. म्हणून चाळीस-पन्नास टक्क्यांची दारू मसाल्याचा अर्क काढण्यास फार सोयीची. बडीशेपेतले ॲनेथॉल हे सुगंधी तेल अल्कोहोलात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणूनच बडीशेपेच्या कडक अर्कात पाणी ओतले की तो दुधासारखा पांढरा होतो. तुर्कस्तानातली राकी आणि ग्रीसमधला उझो यांचा रंग असाच पालटतो. लवंगेतले युजेनॉल जीभ बधिर करते. दंतवैद्य तेच दुखऱ्या दातावर लावतात. जीभ बधिर झाली की दारूची आग जाणवत नाही. मसाल्याने अल्कोहोल एक थेंबही कमी होत नाही, कमी होते ती तक्रार. गोड आणि सुवासिक केलेली दारू माणूस जास्त पितो, लवकर पितो, आणि हे पहिल्यांदा पिणाऱ्या पोरांना लागू पडते तितके कुणालाच नाही. मसाल्याचा आणखी एक उपयोग म्हणजे वाईट माल झाकणे. कमी दारूत जास्त नशा भासावी म्हणून धोतऱ्याच्या बिया घालणारेही होते. त्याने नशा होत नाही, भ्रम होतो, आणि मात्रा चुकली तर माणूस मरतो. 'वनस्पती' म्हटले की निरुपद्रवी, ही समजूत सोडून द्यावी.

आता कायद्याकडे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क सरकारी देखरेखीखाली आणि मक्तेदारांच्या हातात गेला. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगण्यावरच बंधने आणली. ज्या फुलावर आदिवासींचा अर्धा उन्हाळा निघे, त्याच फुलावर. सरकारला नशा नको होती असे नव्हे, तिला महसूल हवा होता. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली, हे आपल्या चळवळीने विसरू नये. सरकारी दुकान उघडते आणि गरिबाचे घर बसते, हे त्यांनी फार आधी पाहिले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. मूळ नाव बदलून तो आजही महाराष्ट्रात लागू आहे. परवान्याशिवाय दारू तयार करणे हा त्याखाली गुन्हा आहे, आणि पिण्यासाठीदेखील परवाना लागतो, हे किती वाचकांना ठाऊक असेल कोण जाणे. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बराचसा भाग कायम ठेवला, पण अल्कोहोलयुक्त औषधे आणि प्रसाधने यांच्यापुरत्या तरतुदी अवैध ठरवल्या. औषध म्हणून बाटलीत येणाऱ्या अर्काला मनाई टिकली नाही. दारूबंदीच्या काळात आल्याचे टिंक्चर पिणारे लोक काही कमी नव्हते, आणि टिंक्चर म्हणजे तरी काय? कडक अल्कोहोलात भिजवलेली सुंठ. कौटिल्याची ती खिडकी पुन्हा उघडली. मात्र तिच्यातून आत यायला लेबल लागत होते, कारखाना लागत होता, वैद्याची किंवा डॉक्टरची पदवी लागत होती. उकिरड्यातल्या मडक्याजवळ यातले काय होते? १९५२ पर्यंत ज्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या होत्या, त्यांच्या पालांवरचे छापे पुढेही थांबले नाहीत. त्या पालांत, आमच्यासारख्या वस्त्यांत, छापा पडला की पुरुष पळत आणि पंचनाम्यावर बाईचे नाव येई. माझ्या आजीचे आले होते. दंडाची पावती तिने मरेपर्यंत लुगड्याच्या घडीत जपली, जणू ती जमिनीचा उतारा होता.

शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या निवडणूक जाहीरनाम्यात बाबासाहेबांनी दारूबंदी रद्द करण्याची भूमिका घेतली होती. विद्यार्थ्यांना हे सांगितले की ते चमकतात. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आणि पाच वर्षे आधी दारूबंदीला विरोध, हे कसे? जाहीरनाम्यातले कारण वाचले की कोडे सुटते. महसूल बुडतो, गुन्हे वाढतात, हे तर आहेच. पण मुख्य म्हणजे बंदीमुळे दारू गाळणे हा घरगुती धंदा झाला आणि पूर्वी गुत्त्यावर फक्त पुरुष पीत, ते आता घरातल्या बायकामुलांच्या डोळ्यांदेखत गाळली जात असल्याने त्यांच्याही तोंडी लागली, असा तो युक्तिवाद आहे. घरात भट्टी असलेल्या घराचे वर्णन कुणी इतके नेमके केलेले मी वाचलेले नाही. राज्याने दंडुक्याने दारू सोडवावी हे त्यांना नको होते, माणसाने स्वतः सोडावी हे हवे होते. आमच्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीला भट्ट्या बंद पडल्या आणि पिणाऱ्यांना खांबाला बांधून फटके देण्यात आले. त्या गावाचे देशभर कौतुक झाले. भट्ट्या बंद झाल्याचा मलाही आनंद आहे. खांबाला बांधलेला माणूस मात्र मला कौतुकाचा वाटत नाही, मग बांधणारा कोणीही असो. फटक्याने जे येते त्याला विनयात शील म्हटलेले नाही.

१९७३ च्या नियमांनी महाराष्ट्रात देशी दारू अधिकृतपणे दुकानात आली, संत्रा, मोसंबी, नारंगी अशा फळांच्या नावांनी. त्या बाटलीत फळ किती आणि साखर कारखान्याच्या मळीतून निघालेले स्पिरिट किती, हे उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. दरम्यान राजस्थानात संस्थानिकांच्या घराण्यांतल्या केशर-कस्तुरीच्या, मसाल्याच्या दारूच्या कृती सरकारी कारखान्यात 'वारसा' म्हणून तयार होऊ लागल्या. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये तिला राज्याचे वारसा पेय ठरवण्यात आले. गोव्याविषयी माझी तक्रार नाही. तिथे गाळणारा कष्टकरी निदान परवान्याने गाळतो. परंतु राजाच्या मडक्याला वारसा, वैद्याच्या मडक्याला औषध, तरुणांच्या बाटलीला छंद आणि पारध्याच्या मडक्याला 'रसायन नष्ट केले' असा शेरा, ही चार नावे मडक्यातल्या मालावरून पडलेली नाहीत.

हे म्हटले म्हणून हातभट्टीचा वारसा जपा, असे माझे म्हणणे आहे असे कुणी समजू नये. साहित्यात आजकाल 'आमची संस्कृती' म्हणून भट्टीचे गोडवे गाणारे निघाले आहेत. त्यांनी भट्टीवाल्या घरात एक रात्र काढावी. आजीने भट्टी लावली ती दुष्काळात पोटासाठी, आणि त्या पैशातला निम्मा पैसा आजोबांनी त्याच मडक्यात परत बुडवला.

विषाचा प्रश्न वेगळा आहे, त्याची गल्लत होते म्हणून सांगते. गुळाच्या मडक्यात मिथेनॉल नगण्य तयार होते. सामूहिक मृत्यू होतात ते बहुधा कारखान्यासाठीचे मिथेनॉल पिण्याच्या दारूत मिसळल्याने. जून २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या पांगरमल गावी निवडणुकीच्या मेजवानीतल्या बनावट दारूने बळी घेतले, आणि ती दारू नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या उपाहारगृहात तयार झाल्याचे पोलीस तपासात पुढे आले. मिथेनॉल रंगाने, वासाने, चवीने ओळखता येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या नसा जाळते. त्रास बहुतेक वेळा लगेच होत नाही, दहाबारा तासांनी, कधी त्याहून उशिरा होतो. डोळ्यांपुढे धुके, पोटात कळ, धाप. अशा माणसाला झोपू देऊ नये, लिंबूपाणी पाजत बसू नये, तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. वेळेवर उतारा आणि डायलिसिस मिळाले तर जीव आणि दृष्टी वाचू शकते. पोलिसांच्या भीतीने जे तास जातात ते जीव घेतात.

गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात एका मावशींनी मला विचारले, "मॅडम, सुनेला बाळंतपणात दशमूळ देते मी. बाटलीवर तर अल्कोहोल लिहिलंय. मग शील मोडतं का?" हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नव्हता. विनयपिटकातच त्याच्या जवळ जाणारी गोष्ट आहे. पिलिंदवच्छ नावाच्या भिक्खूला वाताचा आजार होता. वैद्यांनी तेल शिजवून देण्यास सांगितले आणि त्यात मद्य घालणे भाग होते. भिक्खूंनी तेलात वारेमाप मद्य घातले आणि ते पिऊन झिंगले. तेव्हा बुद्धाने ठरवून दिले की ज्या तेलात मद्याचा रंग, वास आणि चव कळत नाही, तेवढेच प्यावे. ज्यात फार पडले आहे ते अंगाला चोळण्यासाठी ठेवावे. वैद्यालाही नाकारले नाही आणि पळवाटही ठेवली नाही. आमच्याकडे शनीला डबेच्या डबे तेल वाहिले जाते. त्या गावाशेजारी राहून ही तेलाची गोष्ट मी फार आवडीने सांगते.

मावशींना मी हिशेब करून दाखवला. आसव-अरिष्टाच्या बाटलीवर साधारण पाच ते दहा टक्के स्वयंजनित अल्कोहोल लिहिलेले असते. आठ टक्के धरले तर ३० मिलीच्या मात्रेत २.४ मिली अल्कोहोल जाते. विलायती दारूचा ४२.८ टक्क्यांचा ६० मिलीचा एक पेग घेतला तर जवळपास २५.७ मिली. पण तेच दशमूळ कुणी 'अशक्तपणा आहे' म्हणून अर्धी बाटली, म्हणजे सव्वादोनशे मिली प्याले, तर १८ मिली झाले, आणि मग त्याला औषध म्हणण्यात अर्थ नाही. असे पिणारे पुरुष वस्तीत आहेत, हे मावशींना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. राहिला बाळाचा प्रश्न. आईच्या रक्तात जितके अल्कोहोल, जवळजवळ तितकेच दुधात उतरते. म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईने मात्रा डॉक्टरला विचारूनच घ्यावी, शेजारणीला विचारून नव्हे.

"मग अल्कोहोल घालतातच कशाला?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. घालत नाहीत, ते आपोआप होते, आणि होऊ देतात ते दोन कारणांनी. पाण्यात न उतरणारी द्रव्ये त्यात उतरतात, आणि ते टिकते. दशमुळाचा भरड काढा सोळापट पाण्यात पाव राहीपर्यंत आटवला, तर तो त्याच दिवशी संपवावा लागतो, दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो. अरिष्ट वर्षानुवर्षे राहते. दुकानदाराला टिकणारे लागते. घरी चूल आहे, दहा मुळ्यांची भरड बाजारात मिळते, रोज सकाळी ताजा काढा करणे कठीण नाही. फक्त ते सुनेनेच उठून करावे असे घरातल्या सगळ्यांना वाटते.